आत गेला असता का, मालाकी?

किलव्हार्ना
४ नोव्हेंबर २०१२

डिम्पना,

फोन करत नाही. मागच्या वेळी केला तेव्हा तू मधेच ठेवलास आणि सगळ्यांना सांगत सुटलीस की लाइन तुटली. लाइन तुटायला बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. तू म्हणतेस मी फोनवर ओरडतो. घे, आता कागदावर ओरडतो. कान दुखणार नाहीत तुझे.

तर काळं कार्ड. तू ऐकलंच असशील. पिवळं आहे, लाल आहे, आता डब्लिनच्या कोट-टायवाल्यांना मधे एक काळं हवंय. कुणी मुद्दाम कुणाला ओढून पाडलं, पाय घातला, की पंच काळं कार्ड काढणार, पोरगा उरलेला सामना बाकावर आणि त्याच्या जागी दुसरा. त्या प्रकाराला नाव काय दिलंय, तर ‘कोडगा फाउल’. मुद्दाम नाही तर काय चुकून ओढायचं? हातापायाने खेळायचा आपला गेलिक फुटबॉल आहे की चर्चमध्ये मिस्साला लावलेली रांग? आणि पोराच्या मनात काय होतं ते ठरवणार कोण, तर पंच! आपल्याकडचे पंच तुला माहीत आहेत. शिट्टी कुठल्या खिशात ठेवली तेही आठवत नाही एकेकाला.

हे मला का झोंबतंय ते तुला चांगलं माहीत आहे, तेव्हा उगाच तत्त्वाच्या गप्पा मारत नाही. टूलनच्या पबात शेकोटीच्या वर तो फोटो आहे. एकोणऐंशीची फायनल, तुमचं रॉसकीरन आणि आमचं किलव्हार्ना. शेवटचं मिनिट, आम्ही दोन गुणांनी पुढे, चेंडू तुझ्या नवऱ्याच्या हातात आणि समोर फक्त आमचा गोलरक्षक. गोलचे तीन गुण, म्हणजे कप तुमचा. मी मागून एन्डाची जर्सी धरली आणि बसवला खाली. तुम्हाला फ्री किक मिळाली, तिचा एक गुण झाला, शिट्टी वाजली आणि कप आमचा. या गावाने आयुष्यात जिंकलेला एकच कप, डिम्पना. लोक अजून पोरांना घेऊन येतात आणि माझा हात त्यांच्या हातात देतात. उद्या हे कार्ड आलं की त्याच फोटोकडे बोट दाखवून म्हणतील, हा बघ, हा तो कोडगा म्हातारा.

आणि तसंही एन्डाने तो चेंडू गोलमागच्या स्मशानातच मारला असता. म्हणजे मी तुमचा चेंडूच वाचवला.

असो. काम असं आहे. ९ डिसेंबरला काउंटीची वार्षिक सभा आहे. आमच्या क्लबने ठरवलंय की कार्डाच्या विरोधात ठराव द्यायचा, आणि प्रतिनिधी मी. आता नियमाप्रमाणे ठराव द्यायचा तो आयरिशमध्ये, आयर्लंडमध्येच बनलेल्या देशी कागदावर, सहीसुद्धा आयरिशमध्ये. आमचं आयरिशचं काम शाळेतला तरुण मास्तर करायचा, तो गेला पर्थला. उरलेल्यांना ‘मला संडासला जाऊ का’ एवढंच येतं. तू चाळीस वर्षं मुलांना आयरिश शिकवलंस. विरोधी गावात दिली म्हणून काय माहेरचं एक काम करायचं नाही?

वाक्य सोपं आहे: ‘काळं कार्ड स्वीकारलं जाऊ नये असं किलव्हार्ना क्लबचं मत आहे.’ कागद दोन पाठवतोय, उजेडात धरलंस तर आतला शिक्का दिसेल. चहाचा कप ठेवू नकोस वर.

तुझा भाऊ
मालाकी


रॉसकीरन
९ नोव्हेंबर २०१२

मालाकी,

लाइन तुटली नव्हती, मीच ठेवला. पुन्हा तसा ओरडलास तर पुन्हा ठेवीन.

तुझ्या निगरगट्टपणाला काय म्हणावं तेच कळत नाही. मी रॉसकीरनची सेक्रेटरी आहे. आमच्या क्लबने कार्डाच्या बाजूने मत द्यायचं ठरवलंय, आणि तो ठराव मांडणारी कोण, तर मी. आणि तू मलाच सांगतोस की माझ्याविरुद्धचा ठराव मीच लिहून देऊ! स्वतःचीच कबर स्वतः खणायला सांगशील उद्या. लाज वाटायला हवी होती, पण ती तू एकोणऐंशीत मैदानातच सोडून आलास.

मी कार्डाच्या बाजूने का आहे ते ऐक एकदा. गेल्या रविवारी टायर्ननचा सामना होता. नातू म्हणून सांगत नाही, पण तो पोरगा चेंडू घेऊन धावायला लागला की मला एन्डाच दिसतो. तोच वाकडा खांदा, तीच जीभ दातांत. आणि म्हणूनच प्रत्येक सामन्यात त्याला तीनदा तरी खाली ओढतात. तो उठतो, चिखल झटकतो, हसतो. मला वाटायचं, गुणी आहे. पण त्या रविवारी काय झालं? आम्ही एका गुणाने पुढे, समोरचा पोरगा सुटला, आणि आमच्या टायर्ननने मागून त्याच्या गळ्यात हात घालून त्याला आडवा केला. पंचाने पिवळं दाखवलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, मालाकी. आमच्याच लोकांनी. माझ्या मागे बसलेला एकजण म्हणाला, “आजोबांवर नाही गेला, मामाआजोबांवर गेलाय.” सगळे हसले. मी फ्लास्क उचलला आणि गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, “का रे ओढलास?” तर म्हणतो, “ग्रॅनी, सगळेच ओढतात. न ओढणारा मूर्ख.” एकोणीस वर्षांचं पोर. हे कुठून शिकला, सांग मला.

आणि ते स्मशानाचं पुरे आता. तो असताना ठीक होतं. तो असताना तू म्हणायचास, तोही हसायचा, माझी हरकत नव्हती. आता तो खरंच त्याच स्मशानात आहे. गोलमागे, भिंतीपासून दुसरी रांग. निदान पत्रात तरी ते लिहू नकोस.

भाषांतर सोबत आहे. हो, केलंय. तुझं मत मला पटत नाही म्हणून तुझ्या वाक्यात मी खोट घालणार नाही. तुमच्याकडे असली कामं मागून जर्सी धरून करत असतील, आम्ही समोरून करतो. वाक्य अगदी तुला हवं तसं आहे. तुझ्या अक्षरात दुसऱ्या कागदावर उतरवून घे आणि खाली आयरिशमध्ये सही कर. आणि एक शब्दही बदलू नकोस. तुझं आयरिश मला माहीत आहे, तुला शाळेत मीच पाठ करून घ्यायची.

डिम्पना

ता.क. नाताळला येणार आहेस ना? टर्की मोठी सांगू की छोटी, ते कळव.


किलव्हार्ना
१६ नोव्हेंबर २०१२

डिम्पना,

कागद मिळाला. आभार.

वाचला बरं का. नीट वाचला. तुला वाटलं असेल म्हातारा डोळे मिटून सही करेल. पण मलाही सहा वर्षं ते आयरिश घोकायला लावलं होतं, आणि सगळंच काही खिडकीतून बाहेर गेलेलं नाही. चलाखी चांगली होती. कळली. व्यवस्था केली.

टायर्ननला म्हणावं गळ्यात हात घालू नकोस, लाल मिळेल. कमरेला धर.

टर्की मोठी सांग.

मालाकी


रॉसकीरन
१० डिसेंबर २०१२

प्रिय मालाकी,

‘प्रिय’ बघून दचकू नकोस. काल रात्रीपासून मला नीट बसवत नाहीये, म्हणून सकाळी सकाळी लिहायला घेतलंय.

सभेत अध्यक्षांनी तुमच्या क्लबचा ठराव उचलला तेव्हा मी मान खाली घातली होती. म्हटलं, आता माझंच वाक्य माझ्या डोक्यात बसणार. आणि मग त्यांनी वाचलं. मी आयरिशमध्ये लिहिलं होतं ‘नाख’. त्यांनी वाचलं ‘गो’. मला वाटलं वय झालं, कान गेले. अध्यक्षांनीच चष्मा पुसून पुन्हा वाचलं: ‘काळं कार्ड स्वीकारलं जावं असं किलव्हार्ना क्लबचं मत आहे.’ किलव्हार्ना! सगळ्या काउंटीतलं सगळ्यात ओढाओढीचं गाव! अख्खा हॉल हसला. “अनुमोदन कोण देतंय?” म्हणाले. मी कशी उभी राहिले मला माहीत नाही. माझी पर्स खाली पडली, त्यातली औषधं घरंगळत पुढच्या रांगेत गेली. मी म्हटलं, “रॉसकीरन देतंय. आमचाही ठराव हाच आहे.”

अनुमोदनाची सही करायला मला पुढे बोलावलं, तेव्हा तो कागद मी बघितला. तुझ्याच हातचं अक्षर. तोच पोट फुगलेला ‘ग’. म्हणजे उतरवून घेताना तूच बदललंस. ‘चलाखी कळली, व्यवस्था केली’ असं लिहिलं होतंस, मला वाटलं नेहमीसारखं काहीतरी बरळतोयस. मला कसं कळणार होतं?

तू खाली बघत होतास. कान लाल झाले होते तुझे. मी जवळ येणार होते, पण तुझे क्लबवाले तुला घेरून उभे होते आणि मग तू निघूनच गेलास. समजलं मला. अशी गोष्ट करून कुणी थांबत नाही.

ठराव एका मताने पास झाला हे तुला कळलंच असेल; ज्या क्लबचा ठराव, त्याचं मत बाजूनेच धरतात. तुमचं मत तिकडे असतं तर पडला असता.

मी तुला ओळखलं नाही रे. तेहतीस वर्षं मला वाटायचं, हा त्या फोटोखाली बसून आयुष्य काढणार आणि याला कधीच काही कळणार नाही. दर नाताळला एन्डा तुझ्या ताटात टर्कीचा पाय वाढायचा आणि विचारायचा, “आत गेला असता का, मालाकी?” तू म्हणायचास, “स्मशानात!” आणि सगळं टेबल हसायचं. तुला वाटायचं तो चेष्टा करतोय. नव्हता करत. शेवटी हॉस्पिटलात, बोलायला त्रास व्हायचा तरी, मला म्हणाला, “डिम्पना, मी तो उजव्या कोपऱ्यात मारणार होतो. काय वाटतं तुला?” मी काय सांगणार? त्या दिवशीच्या पावसात माझ्यासमोर तर छत्र्याच छत्र्या होत्या. कप गेल्याचं त्याला काही नव्हतं रे. माणूस कप विसरतो. पण गोल झाला असता की चेंडू बाहेर गेला असता, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. तू त्याचा गोल नाही अडवलास, गोलरक्षक अडवतात गोल. तू त्याला तो मारूच दिला नाहीस. हे तुला कळावं अशी माझी फार इच्छा होती, आणि काल मला वाटलं, कळलंय.

टर्की मोठीच सांगितली आहे. तुझ्यासाठी पाय राखून ठेवते.

तुझी
डिम्पना


किलव्हार्ना
१० डिसेंबर २०१२

डिम्पना,

तोंडघशी पाडलंस मला! सगळ्या काउंटीसमोर! सख्ख्या भावाला!

मला वाटलं होतं पकडली तुझी चलाखी. तू वाक्यात ‘नाख’ घातला होतास. ‘नाख’ मला येतं, बाई! ‘नाख ब्रा अन लॉ ए’, ‘छान दिवस आहे, नाही का?’ पहिल्या इयत्तेत रोज सकाळी म्हणायचो. म्हणजे तू काय लिहिलंस? ‘काळं कार्ड स्वीकारायला हवं, नाही का?’ सरळ ठरावाचा प्रश्न करून टाकलास, वर माझ्याकडून सही घेऊन! मी ते ‘नाख’ काढलं आणि साधं ‘गो’ टाकलं, ‘गो’ म्हणजे ‘असं की’. म्हटलं, प्रश्न गेला, आता वाक्य सरळ झालं. पण तू माझ्याही वरचढ! बाकीच्या वाक्यात ‘नको’ कुठेच ठेवलं नव्हतंस! ‘समोरून करतो’ म्हणे! मागून, डिम्पना, मागून! जर्सी धरून!

सही माझीच, मी उठून काय बोलणार? आणि वर तू उभी राहून अनुमोदन देतेस! पर्स पाडून नाटक करतेस!

टूलनमध्ये काल मला कुणी ग्लास दिला नाही. कुणी बोललंसुद्धा नाही. क्लबचा अध्यक्ष विचारतो, “मालाकी, हे काय दिवे लावलेस?” मी सांगितलं नाही कुणी लिहून दिलं ते. अजून तरी नाही. आठवड्याभरात क्लबची बैठक आहे आणि तिथे मला बोलावंच लागणार.

नाताळला येणार नाही. टर्कीचं तूच बघ.

मालाकी


रॉसकीरन
१३ डिसेंबर २०१२

मालाकी,

पोस्टमनने तुझं पत्र आणलं तेव्हा मी दारातच उघडलं. मला वाटलं माझ्या पत्राचं उत्तर इतक्या लवकर कसं? मग तारीख बघितली. माझं वाटेत होतं आणि तुझंही वाटेत होतं. कपाळ माझं.

चष्मा लाव आणि वाच. शाळेत तुला हे मी किमान शंभर वेळा सांगितलंय. वाक्याच्या सुरुवातीला ‘नाख’ आलं की त्याचा अर्थ ‘नाही का?’ वाक्याच्या मधे आलं की त्याचा अर्थ ‘की... नाही’. क्लबचं मत आहे की, नाख, कार्ड स्वीकारलं जाऊ नये. तो एक शब्द म्हणजेच तुझं ‘नको’. तुझं सगळं ‘नको’ त्या एका ‘नाख’मध्ये होतं, मूर्खा, आणि तेच तू खोडलंस! पहिल्या इयत्तेपुढे जायचंच नव्हतं तर निदान माझ्यावर तरी विश्वास ठेवायचास. लिहिलं होतं ना मी, एक शब्दही बदलू नकोस? स्पष्ट लिहिलं होतं. पण नाही. बहीण आहे ना, विरोधी गावात दिलेली ना, म्हणजे दगा देणारच. तुला सगळे तुझ्यासारखेच दिसतात.

मी ते वाक्य लिहिताना एक तास बसले होते, ठाऊक आहे? पेन हातात घेऊन. ‘नाख’ऐवजी ‘गो’ लिहिलं असतं तर तुला कळलं नसतं, तुमच्या अख्ख्या क्लबात कुणाला कळलं नसतं. आयती संधी होती. गोलरक्षकसुद्धा नव्हता समोर. आणि मी लिहिलं ‘नाख’. टायर्ननला तोंड दाखवायचं होतं म्हणून लिहिलं. आणि तू तुझ्या हाताने तेच केलंस जे मी केलं नाही, आणि मलाच कोडगी म्हणतोस!

त्याचंही मला काही नाही. तुझं बोलणं ऐकायची सवय आहे. पण मी तुला सोमवारी जे पत्र लिहिलं ते आता तुझ्या हातात पडलं असेल. त्यातलं एकेक वाक्य मी खरं मानून लिहिलं होतं. मला वाटलं तू एन्डासाठी केलंस. भर सभेत मला रडू आलं, मालाकी, त्रेसष्ट वर्षांच्या बाईला, औषधांच्या डब्या गोळा करता करता. आणि ती होती काय, तर व्याकरणाची चूक.

ते पत्र जाळून टाक. आणि तुझ्या बैठकीत काय सांगायचं ते सांग. खुशाल सांग की रॉसकीरनच्या बाईने फसवलं. फसवणूक म्हटली की काउंटीवाले ठराव रद्द करतील, मला सेक्रेटरीपदावरून काढतील, तुझा फोटो भिंतीवर राहील. सगळं काम एका वाक्यात होईल. तुला येतं ते.

डिम्पना


किलव्हार्ना
२० जानेवारी २०१३

डिम्पना,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला घेतलं, तीनदा शेकोटीत टाकलं. तुझं सोमवारचं पत्र जाळलं नाही. ते जाळ म्हणालीस, पण तुझं ऐकायची सवय नाही मला.

नाताळला दोन अंडी तळून खाल्ली आणि कुत्र्याशी भांडलो. सांगण्यासारखं एवढंच.

बैठक झाली. उभं केलं मला सगळ्यांसमोर. त्याआधी अध्यक्षाने बाजूला घेऊन सांगितलं, “मालाकी, आम्हाला कळलंय ते आयरिश कुणी लिहून दिलं. तुझी बहीण रॉसकीरनची सेक्रेटरी. तू फक्त म्हण की तिने फसवलं, बाकी आम्ही बघतो.” अर्ज लिहून तयार होता गं, माझी सही तेवढी बाकी. तुझ्या पत्रातल्यासारखंच, एका वाक्यात काम. आणि तेव्हा तर मला ‘नाख’चा अर्थ कळलेला होता. म्हणजे खोटं आहे हे माहीत असताना सही करायची. थंड डोक्याने. याला काय म्हणतात ते आता मला कुणी शिकवायला नको.

मी म्हटलं, “तिने बरोबर लिहून दिलं होतं. शब्द मी बदलला.” “का?” म्हणाले. आता काय सांगू? की पहिल्या इयत्तेत नापास झालो म्हणून? क्षणभर वाटलं, म्हणावं कार्ड पटलं म्हणून बदलला. तुलाही तेच वाटलं होतं, आणि तसं वाटलेलं मला आवडलं होतं. पण तेही खोटंच. म्हणून खरं ते सांगितलं: “बहिणीवर भरवसा नव्हता म्हणून बदलला. आणि आयरिश येत नाही.” हसले, डिम्पना. असे हसले की पबवाल्या टूलनने पलीकडून डोकावून बघितलं. फसवणूक नाही, नुसता गाढवपणा, तेव्हा ठराव जागच्या जागी राहिला. माझं प्रतिनिधीपद काढून घेतलं. फोटो अजून आहे, पण खाली बसणाऱ्या पोरांनी मला नवं नाव दिलंय, ‘नाख’. दारातून आत शिरलो की ओरडतात, “छान दिवस आहे, नाख?” फार डोक्यात जातं.

कार्ड मला अजूनही पटत नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे तू उद्या गावभर सांगत सुटायची नाहीस की मालाकी सुधारला. पंच ते चुकीच्या माणसाला दाखवणार, बघशील तू. पहिलं तुमच्या टायर्ननलाच मिळेल.

पण एक राहिलंय. तू सरळ विचारलं नाहीस, एन्डाने मात्र दर नाताळला विचारलं, आणि मी दर वेळी पोरकट उत्तर दिलं, कारण खरं उत्तर मला माहीत होतं. त्या मैदानात ते एका माणसालाच माहीत होतं. छत्र्यांमागून तुला दिसलं नाही, एन्डाची मान खाली चेंडूवर होती, फोटोवाल्याच्या फोटोत चेंडूच नाही. मी त्याच्या मागे होतो, हातभर अंतरावर. आमचा गोलरक्षक डावीकडे झुकला होता, पाय चिखलात रुतलेला, परत येणं शक्यच नव्हतं. उजवा कोपरा सताड उघडा होता, आणि एन्डाचा उजवा पाय मागे गेला होता.

आत जाणार होता, डिम्पना. मला दिसला म्हणून तर मी ओढला. स्मशानात जाणारा चेंडू असता तर मी त्याला खुशाल मारू दिला असता.

काल मी भिंतीपासून दुसऱ्या रांगेत जाऊन त्याला ते सांगून आलो. टोपी काढून, मोठ्याने. तू म्हणतेस मी ओरडतो, तर ओरडूनच सांगितलं.

मालाकी